सातव्या लेनची वेळ

कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत, पांढऱ्या फळ्याच्या शेजारी, काचेच्या चौकटीत एक पत्र टांगलेलं होतं. इतर कंपन्यांत त्या जागी डोंगराचं चित्र असतं आणि खाली 'ध्येय' किंवा 'जिद्द' असं काहीतरी छापलेलं असतं. इथे पत्र होतं. दोन वर्षांपूर्वीचं, एक पानी, आणि खाली सही होती नॅनोची.

नॅनो हा तिथला ड्रायव्हर लिहिणारा इंजिनिअर. ड्रायव्हर म्हणजे नेटवर्कच्या चिपला काय करायचं ते सांगणारा आणि तिने काय केलं ते वर कळवणारा प्रोग्राम. मध्यस्थच म्हणा ना. आणि मध्यस्थ जसे असतात तसाच तोही असतो, म्हणजे राबते चिप आणि बोलतो हा. नॅनो हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. सेकंदाचे अब्ज तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याला नॅनोसेकंद म्हणतात, आणि हा गृहस्थ चहा पितानासुद्धा त्याहून मोठ्या मापात बोलत नसे, म्हणून ऑफिसने त्याला हे नाव बहाल केलं होतं. घरी मात्र 'पाच मिनिटांत निघतो' असं सांगून स्वारी दीड तासाने उगवायची. "यांचे सगळे नॅनोसेकंद ऑफिसातच खर्च होतात, घरी येईपर्यंत उरत नाहीत," असं बायको म्हणायची, आणि त्याला ते कौतुक वाटायचं.

आता ते पत्र. कंपनी पोहण्याच्या शर्यतींसाठी वेळ मोजणाऱ्या पेट्या बनवत असे. तलावाच्या भिंतीवर प्रत्येक लेनमध्ये एक पॅड बसवायचा, पोहणाऱ्याचा हात पॅडला लागला की तारेतून पॅकेट, म्हणजे माहितीची छोटी पुडी, निघून पेटीच्या पोर्टवर यायचं, पेटीतला ड्रायव्हर त्यावर वेळ टाकायचा, आणि तीच वेळ फलकावर झळकायची. लेन आठ, पोर्ट आठ. दोन वर्षांपूर्वी निवड शर्यतीत पहिल्या नंबराची मुलगी केव्हाच पोचली होती. दुसऱ्या नंबरासाठी तिसऱ्या आणि सातव्या लेनमधल्या मुलींनी एकदमच हात लावला. निवड एकूण पहिल्या दोघींचीच व्हायची होती. फलकाने सांगितलं की तिसरी लेन सेकंदाच्या एका शतांशाने पुढे.

सातव्या लेनवर हातात घड्याळ घेऊन एक निवृत्त क्रीडाशिक्षिका बसल्या होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांनी जागच्या जागी लेखी हरकत घेतली की सातची मुलगी आधी पोचली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हरकत जलतरण संघटनेमार्फत फिरत फिरत कंपनीकडे आली. त्या दिवशी पेटीबरोबर नॅनोच गेला होता, तेव्हा उत्तर देण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याने ते झोकात दिलं.

'मी स्वतः सातव्या लेनसमोर उपस्थित होतो,' असं त्या पत्रात होतं. 'मानवी नजर आणि यंत्र यांच्यात तफावत आढळल्यास चूक नजरेची समजावी. सातव्या लेनमधील स्पर्धक ही माझी स्वतःची मुलगी आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो.'

झालं! टाळ्यांचा पाऊस पडला. काय तो निःपक्षपातीपणा, काय ती सचोटी! मॅनेजरने शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ ओढून पत्र चौकटीत बसवलं, आणि तेव्हापासून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कॉफीआधी पत्र दाखवायची प्रथा पडली. "आमच्या इंजिनिअरने स्वतःच्या पोरीला हरवलंय साहेब, तुम्ही कोण लागून गेलात?" असं तो हसत म्हणायचा. गिऱ्हाईकही हसायचं. नॅनो मान खाली घालून उभा राहायचा. लाजल्यासारखं दाखवायला त्याला चांगलं जमत असे.

लेकीने त्या दिवशी गाडीत एकदाच म्हटलं होतं, "बाबा, माझा हात आधी लागला रे. मला कळलं ना."

"घड्याळाला नातीगोती नसतात, बाळा," तो म्हणाला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी पोचल्यावर त्याने ते बायकोलाही ऐकवलं.

ती त्या वर्षीची शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी वय उलटलं. लेक पुन्हा शर्यतीत उतरली नाही. कॉलेज सुटलं की ती त्याच तलावावर उथळ भागात लहान मुलांना तरंगायला शिकवायची. तिथे कुणी वेळ लावत नाही. आणि घरात तिने बापाला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाटायचं, काय वळण लावलंय पोरीला! बायकोला काय वाटायचं ते तिने नॅनोला कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. त्याच्या लेखी प्रकरण निकालात निघालं होतं.

अशी दोन वर्षं सुखाने गेली. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं की तुमच्या पेटीत हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग आहे का.

"आहे म्हणजे काय! खोक्यावर छापलंय," मॅनेजर म्हणाला. फोन ठेवून तो नॅनोच्या टेबलाशी आला. "काय रे, आहे ना आपल्यात?"

"चिपमध्ये आहे. ड्रायव्हरमध्ये नाही."

"पण खोक्यावर?"

"खोक्यावर सहा वर्षांपासून आहे."

"मग झालंच की. बाहेर आहे, फक्त आत घालायचं राहिलंय. होऊन जाईल." मॅनेजरचं सगळं होऊनच जायचं. कोण करणार हा तपशील तो इतरांवर सोडत असे.

हे प्रकरण नेमकं काय, ते सांगायला हवं. समजा आठ दारांचं ऑफिस आहे आणि शिपाई एकच. दारांबाहेर माणसं येऊन उभी राहतात. शिपाई थोड्या थोड्या वेळाने एक नंबरपासून आठ नंबरपर्यंत फेरी मारतो, दार उघडतो, बाहेर कुणी असेल तर आपल्या घड्याळात बघून वहीत लिहितो की हे आत्ता आले. बाहेरचा माणूस कधीपासून ताटकळत होता ते शिपायाला ठाऊक नसतं, आणि विचारायची पद्धतही नसते. हा झाला सॉफ्टवेअरचा कारभार. हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग म्हणजे प्रत्येक दारावरच शिक्क्याचं यंत्र बसवायचं. माणूस उंबऱ्याशी आला की शिक्का बसलाच, मग शिपाई येवो नाहीतर झोपा काढो.

नॅनोला हे सगळं माहीत नव्हतं असं नाही. पण त्याचा हिशोब पक्का होता. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे हजारांश. त्याचा शिपाई अशा दर दोन हजारांशांनी फेरी मारत होता, आणि शर्यतीचा निकाल लागतो शतांशात, म्हणजे दहा हजारांशांत. दोन कुठे आणि दहा कुठे! ज्या हिशोबावर त्याने पत्र लिहिलं तो कागदावर अगदी बिनचूक होता.

काम सुरू झालं. चिपच्या माहितीपुस्तकाची पानं चारशे. शिक्क्याचं यंत्र चालू कसं करायचं ते तीनशे बाराव्या पानावर एका ओळीत होतं, आणि त्या ओळीला एक तळटीप होती, की काही चिपमध्ये हे उलट असू शकतं. कोणत्या चिपमध्ये, ते सांगायला लेखकाला वेळ मिळाला नसावा. सेकंद एका कप्प्यात, नॅनोसेकंद दुसऱ्या कप्प्यात. खालचा कप्पा आधी वाचायचा, तो वाचला की वरचा जागच्या जागी थिजतो. नॅनोने वरचा आधी वाचला. त्यामुळे चार दिवस अधूनमधून एखादं पॅकेट निघायच्या आधीच पोचत होतं. मॅनेजरला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "हे वेगळं विकता येईल का?"

तिसऱ्या आठवड्यात सगळं जुळलं. कुठला शिक्का कुठल्या पॅकेटचा हे नंबराने लावता येऊ लागलं, घड्याळ पुढे-मागे करता येऊ लागलं, आणि ड्रायव्हर विचारणाऱ्याला छाती काढून सांगू लागला की होय, माझ्यात हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग आहे. आता खोकं आणि पेटी यांचं एकमत झालं. राहिली होती चाचणी.

चाचणीला शंकाताई होत्या. त्यांचं खरं नाव काहीतरी प्रसन्न होतं, पण 'मला एक शंका आहे' या चार शब्दांनी त्यांनी इतक्या जणांच्या सुट्ट्या बुडवल्या होत्या की दुसरं नाव शोभलंच नसतं. त्यांनी एका यंत्रातून एकच सिग्नल काढला, सारख्या लांबीच्या आठ तारांत वाटला आणि आठही पोर्टांना जोडला. म्हणजे आठ पोहणारे, आठांचे हात अगदी एका क्षणी भिंतीला. नव्या ड्रायव्हरने आठही वेळा लिहिल्या. त्यांच्यातला फरक आठ नॅनोसेकंद.

"आठ!" नॅनो म्हणाला. त्याने खुर्चीत एक गिरकी घेतली. पन्नाशीच्या माणसाला ती शोभली नाही, पण हरकत नव्हती.

"छान. आता जुना ड्रायव्हर टाका," शंकाताई म्हणाल्या.

"जुना कशाला?"

"अहवालात तक्ता असतो. आधी आणि नंतर. नवा किती उंच ते सांगायचं तर जुना शेजारी उभा करायला नको?"

"जुन्याचं काय, दोन हजारांश इकडे तिकडे. तसंच लिहा."

"लिहीन की. मोजून लिहीन."

नॅनोने जुना ड्रायव्हर चढवला, आणि बाईंना दुसरा उद्योग नाही अशा अर्थाने खिडकीबाहेर बघितलं. शंकाताईंनी सिग्नल सोडला. पडद्यावर आठ आकडे आले. पोर्ट एक सर्वांत आधी. पोर्ट दोन त्यानंतर बारा हजारांशांनी. तीन आणखी बारांनी. असं करत करत आठवा पोर्ट चौऱ्याऐंशी हजारांशांनी, धापा टाकत.

"तार खराब आहे," नॅनो म्हणाला.

त्यांनी तारा बदलल्या. एक नंबरच पहिला. तारा उलटसुलट लावल्या, तरी एक नंबरच पहिला. शंकाताईंनी हजार वेळा सिग्नल सोडायला लावला आणि त्या डबा धुवून आल्या. हजारच्या हजार वेळा एक नंबर पहिला होता आणि आठ नंबर शेवटचा. इतकी सातत्याची कामगिरी कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने आजवर केलेली नव्हती.

मग शंकाताई उठल्या आणि त्यांनी सहा तारा काढून टाकल्या. दोन ठेवल्या, तीनची आणि सातची. मीटिंगच्या खोलीतली चौकट त्यांनीही वाचलेली होती. ती कुणी वाचली नव्हती?

सिग्नल गेला. तीन पुढे, सात मागे. फरक बारा हजारांश, म्हणजे फलकावर एक शतांश.

"मला एक शंका आहे," शंकाताई म्हणाल्या, पण हळू.

नॅनोने जुना कोड उघडला. ते ड्रायव्हरचं पोट होतं, जिथे शिपाई फेरी मारतो. आणि तिथे, वेळ लिहिल्यावर आणि पुढच्या दाराकडे वळण्याआधी, एक ओळ बसलेली होती. कुणी आलं की दुरुस्तीच्या केबलवर 'पोर्ट अमुक, पॅकेट आलं' असा निरोप पाठवायचा. इंग्रजीत ती बारा अक्षरं होत होती. ती केबल जुनी, गरीब स्वभावाची, एका अक्षराला एक हजारांश सेकंद घेणारी. म्हणजे शिपाई दर दारावर नुसता लिहीत नव्हता, लिहून झाल्यावर गॅलरीत जाऊन आल्या माणसाच्या नावाने हाळी देत होता, आणि मग पुढच्या दारापाशी येत होता. पुढच्या दाराबाहेरचा तोवर उभाच.

आणि ती हाळी ऐकायला केबलच्या दुसऱ्या टोकाला कुणीही नव्हतं. सहा वर्षं नव्हतं.

ओळीच्या डोक्यावर एक टीप होती. 'ही ओळ काढू नये. काढली तर पेटी बंद पडते. कारण कळलेलं नाही. बघू.'

ही टीप कुणाची, हे शोधायला कोडचा इतिहास उघडायची गरज नव्हती. कंपनीत 'बघू' असं लिहून ठेवायची सवय एकाच माणसाला होती. कारणही त्याला आता बसल्या जागी दिसलं. जुना कोड चिपचं लिहून व्हायच्या आधीच वाचायला धावत होता, आणि त्या बारा अक्षरांच्या वेळात चिपला दम खायला मिळत होता. एका चुकीवर दुसरी चूक मलमपट्टीसारखी बसवली होती, आणि वर सहा वर्षं कुणाचं काही दुखलं नाही, कारण इतकी चुरशीची शर्यत वर्षाकाठी एखादीच असते.

दोन वर्षांपूर्वीच्या निवड शर्यतीची नोंद सर्व्हरवर होती. नॅनोने ती काढली. फलकावर शतांश दिसतात, नोंदीत हजारांशही असतात. तिसरी लेन आणि सातवी लेन यांच्यातला फरक बरोबर बारा हजारांश होता. पत्र लिहिताना त्याने हा आकडा बघितला होता, आणि तो इतका स्वच्छ आहे याचा त्याला आनंदच झाला होता. तो फरक मुलींचा नव्हताच. त्याच्या बारा अक्षरांचा होता.

"म्हणजे सात आधी होती?" शंकाताईंनी विचारलं.

"सांगता येत नाही," नॅनो म्हणाला. "केसभर पुढे असेल. बरोबरीत असेल. खरंच थोडी मागे असेल. तिन्ही वेळी पेटीने हेच सांगितलं असतं."

शंकाताईंनी तक्त्यात दोन्ही आकडे भरले, 'आधी' आणि 'नंतर'. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं. त्या दिवशी नॅनोला ते अजिबात बघवलं नाही. लाज या गोष्टीशी त्याचा आजवर फारसा परिचय नव्हता, पण आता तो झाला.

मॅनेजरला मात्र काहीच अडचण दिसली नाही. "उत्तम! म्हणजे सुधारणा किती पट झाली बघ. बारा हजारांशांवरून आठ नॅनोसेकंद! नव्या आवृत्तीच्या रिलीज नोटमध्ये लिही, 'अचूकतेत लक्षणीय वाढ'."

"आधीचं चूक होतं असं लिहायला हवं."

"चूक काय म्हणतोस? 'पूर्वीची मर्यादा' म्हण."

"निकाल चुकलेला असू शकतो. संघटनेला कळवायला हवं. हरकत घेतली होती त्या बाईंना कळवायला हवं."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "हे बघ, दोन वर्षं झाली. कुणाची तक्रार आहे? त्या बाईंना तूच गप्प केलंस, आणि काय सुंदर केलंस. बरं, नुकसान झालं कुणाचं? तुझ्याच मुलीचं ना? मग घरचाच मामला आहे. घरी बसून मिटवा. आणि त्या पत्रावर सही माझी नाही, तुझी आहे, एवढं लक्षात ठेव."

हे शेवटचं वाक्य मात्र मॅनेजर शंभर टक्के खरं बोलला होता, नोकरीत पहिल्यांदाच. नॅनो उठला, मीटिंगच्या खोलीत गेला आणि खुर्चीवर चढून त्याने चौकट खाली काढली. भिंतीवर फिकट चौकोन उरला. काच रुमालाने पुसून त्याने चौकट बॅगेत ठेवली आणि टेबलाशी येऊन दुसरं पत्र लिहायला घेतलं.

पहिलं पत्र त्याने वीस मिनिटांत लिहिलं होतं. हे लिहायला दुपार गेली. शिपाई, दारं, हाळी, सगळं साध्या शब्दांत मांडलं. ओळ माझी आहे, टीप माझी आहे, निकाल ग्राह्य धरता येत नाही, आदरणीय बाईंच्या नजरेविषयी मी जे लिहिलं ते मागे घेतो, असं सगळं लिहिलं. एक प्रत संघटनेसाठी, एक शिट्टीबाईंसाठी, दोन्ही अजून पाठवायच्या होत्या. रिलीज नोटमध्येही 'चूक' हाच शब्द घातला. मॅनेजर तो खोडणार हे त्याला माहीत होतं, म्हणून अहवालाच्या तक्त्याखाली शंकाताईंची सही आधीच घेऊन ठेवली. त्या बाईंची सही खोडायची छाती ऑफिसात कुणाची नव्हती.

मग त्याने लेकीला फोन केला. "सहाला तलावावर येतो."

"बरं," ती म्हणाली. म्हणजे साडेसात, असं त्या 'बरं'मध्ये स्पष्ट ऐकू आलं.

तो सहाला पोचला. सहा म्हणजे सहा. उथळ पाण्यात कमरेइतकी उभी राहून ती एका मुलीच्या पोटाखाली हात धरून होती, आणि बाकीची पाच-सहा पिल्लं काठाला लटकून पाय आपटत होती. बापाला वेळेवर आलेला बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत."

"मग तुम्ही सहाला कसे आलात?"

ती मुलं बाहेर निघेपर्यंत तो ओल्या बाकावर बसून राहिला. क्लोरीनचा वास, फरशीवर पाण्याचे ओघळ, पलीकडे मोठ्या तलावात लेनचे दोर. सातव्या लेनच्या टोकाकडे त्याने एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

लेक खांद्यावर टॉवेल टाकून आली. त्याने पत्र पुढे केलं. तिने हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं. मग बाकावर बसली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"म्हणजे मी जिंकले होते?"

"माहीत नाही."

"हरले होते?"

"तेही माहीत नाही. आता कळायचा रस्ताच नाही, बाळा. पेटीला तेव्हाही माहीत नव्हतं. तिने माझी ओळ मोजली आणि तुम्हा दोघींच्या नावावर लिहिली." तो तिच्याकडे वळला. "मी तुझं ऐकायला हवं होतं. चुकलं माझं. फार चुकलं."

टॉवेलच्या टोकाने पत्रावर पडलेला एक थेंब तिने टिपला. दोन वर्षांत तिने कितीतरी बोलणं मनात तयार करून ठेवलं असेल, आणि ते आता येणार, अशी तो खांदे पाडून वाट बघत होता. तिने मात्र मोठ्या तलावाच्या टोकाकडे बघितलं.

"पेटीचं सोड," ती म्हणाली. "तू होतास ना तिथे? सातच्या बरोबर समोर. मी हात लावला आणि मान वर केली तर पहिले तुझे बूट दिसले मला. दोन हातांवर होतास. बाबा, तू तरी बघितलं असशीलच ना?"

पलीकडे कुणीतरी पाण्यात सूर मारला. त्या दिवशी त्याच्या हातात टॅब होता, पोर्ट तीन आणि पोर्ट सात दोन्ही हिरवे झाले होते, आकडे यायला क्षणभर लागला होता. हे सगळं त्याला लख्ख आठवत होतं. पाणी आठवत नव्हतं. तिचा हात आठवत नव्हता.

"मी स्क्रीनकडे बघत होतो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग मुलांची हजेरी लावायचं पेन काढून तिने पत्रासकट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"आधीच्या पत्रात 'मी स्वतः उपस्थित होतो' असं लिहिलं होतंस," ती म्हणाली. "यात हे नाही लिहिलंस."

कागदाचा कोपरा ओला झाला होता, पेन दोनदा अडलं. सहीच्या वर जेमतेम दोन ओळींची जागा होती. त्याने लिहिलं, 'शर्यत संपली त्या क्षणी मी सातव्या लेनपासून दोन हातांवर उभा होतो. माझी मुलगी भिंतीला हात लावत होती आणि मी स्क्रीनकडे बघत होतो.'

तिने ते वाचलं. छापलेल्या सहीवर तिने काट मारली आणि कागद परत त्याच्यासमोर धरला.

"आता कर सही," ती म्हणाली.